तळे म्हणू नका, धरण म्हणा

पवना धरणाच्या काठी राहायला आल्यापासून एका शब्दाशी माझे वैर जडले आहे. तो शब्द म्हणजे ‘तळे’. निगडी, चिंचवड, पुणे, मुंबई इकडून जी मंडळी येथे बंगले बांधतात, शनिवारी तंबू ठोकून रात्र काढतात, किंवा माझ्याप्रमाणे नोकरीचे जू मानेवरून उतरल्यावर कायमची राहायला येतात, ती सारी ह्या पाण्याला तळे म्हणतात. जाहिरातींत त्याचे ‘लेक’ होते, गप्पांत ‘सरोवर’ होते आणि ललित लेखांत ‘निळाशार जलाशय’ होतो. ‘धरण’ हा शब्द तेवढा कोणाच्या तोंडी येत नाही. तो रुक्ष आहे, सरकारी आहे, आणि मुख्य म्हणजे गैरसोयीचा आहे. तळे म्हटले की ते देवाने दिलेले. तेथे विचारण्यासारखे काही उरत नाही. धरण म्हटले की लगेच प्रश्न उभे राहतात: कोणी बांधले, कोणासाठी बांधले, आणि बांधण्यापूर्वी येथे काय होते?

ह्या प्रश्नांची उत्तरे ठाऊक करून न घेता येथल्या ऋतूंचा आनंद उपभोगण्याची जी नवी रीत आमच्या सुखवस्तू वर्गात पडली आहे, तिच्याविरुद्ध मला बोलायचे आहे. आनंदाविरुद्ध माझी तक्रार नाही. तो मी स्वतः घेतो आहे आणि पुढेही घेणार आहे.

प्रथम त्या आनंदाविषयीच सांगतो, म्हणजे मी कोणी विरक्त उपदेशक आहे असा गैरसमज व्हायला नको. चिंचवडच्या एका कारखान्यात मी ३३ वर्षे काढली. तेथे आम्हांला ऋतू तीन नव्हते आणि सहाही नव्हते. तेथे पाळ्या होत्या. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी. पाऊस म्हणजे भुयारी रस्त्यात तुंबलेले पाणी, उन्हाळा म्हणजे पत्र्याखाली तापलेले यंत्र, आणि थंडी म्हणजे सकाळच्या बसच्या रांगेत हात खिशात घालून उभे राहणे. कोणते नक्षत्र लागले हे दिनदर्शिकेवर छापलेले असे. आमची नजर त्याच चौकोनातल्या सुट्टीच्या तांबड्या आकड्यावर असे.

येथे आल्यावर वर्ष पुन्हा गोल झाले. फाल्गुनात पळस आणि पांगारा पेटतात. काटेसावरीची फुले टपटप खाली पडतात आणि वासरे ती खातात. वैशाखात करवंदांच्या जाळ्या काळ्या होतात आणि पावशा रात्रंदिवस पेरणीची आठवण करून देतो. मृगाच्या आधी काजवे येतात, तेव्हा एकेक झाड श्वास घेतल्यासारखे उजळते आणि विझते. मग एके दिवशी तुंगचा सुळका दिसेनासा होतो, पाठोपाठ तिकोना, त्यानंतर लोहगड, आणि दोन-अडीच महिने आम्ही ढगात राहतो. पुनर्वसूच्या पावसाला येथे ‘तरणा’ म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’. हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा वाटले, एवढे एक नाव ऐकायला मिळाले तरी शहर सोडल्याचे सार्थक झाले. भाद्रपदात सोनकीने उतार पिवळे होतात. हस्ताचा पाऊस गडगडून जातो आणि आश्विनात पिकत्या भाताचा वास दारापर्यंत येतो. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ मध्ये ‘ऋतुचक्र’ लिहून मराठी माणसाला बारा महिने डोळे उघडे ठेवण्याची शिकवण दिली. तिचा अर्थ येथे राहिल्यावर कळतो.

हे सारे खरे आहे. पण ह्या चित्राच्या मधोमध जे पाणी आहे, त्याचे ऋतू निराळे आहेत. त्याला दोनच ऋतू: भरण्याचा आणि उपसण्याचा. पहिला आकाशाच्या हाती आहे, दुसरा पाटबंधारे खात्याच्या. आषाढ-श्रावणात धरण भरते. पुरेसे भरले की दरवाजे उघडतात आणि काठच्या गावांना सावधानतेचा इशारा जातो. त्यानंतर वर्षभर पाणी ठरलेल्या हिशेबाने पवना नदीत सोडले जाते आणि रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलून, निगडीला शुद्ध करून, पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत जाते. चैत्र-वैशाखात पाणी खाली जाते, काठाला चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि एरवी वर्षातले बहुतेक महिने बुडून असलेले वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर बाहेर येते. तेव्हा शहरातून माणसे मुद्दाम ते पाहायला येतात आणि निसर्गाचा चमत्कार म्हणून त्याची छायाचित्रे काढतात. ह्यात निसर्गाचा चमत्कार कोणता? उन्हाने वाळते ते थोडे; बाकीचे पाणी शहरात आणि शेतात खर्च होते. वाघेश्वर महादेव दरवर्षी दर्शन देतो तो ३५ किलोमीटरांवरच्या नळांच्या कृपेने.

तळे कशाला म्हणावे ह्याची आपल्याकडे उदाहरणे आहेत. लोणारचे सरोवर उल्केने केले. थोरोने १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षे ज्या वॉल्डनच्या काठी काढली, ते तळे हिमनदीने केले. तेथे झोपडी बांधून ऋतू पाहत बसणाऱ्या माणसाला पाण्याखाली कोणाचे घर आहे का, असे विचारण्याचे कारण नव्हते. आमच्या मुलखात तशी सोय नाही. लोणावळ्याचे वळवण, मुळशी, पवना, चाकणच्या वरच्या अंगाचे भामा-आसखेड, राजगुरुनगरच्या वरचे चासकमान, ही सारी माणसांनी अडवलेली पाणी आहेत. पवना धरण १९७२ मध्ये पुरे झाले. त्यात साडेआठ अब्ज घनफुटांच्या आसपास उपयुक्त पाणी मावते. तेवढे पाणी मावायला तेवढी जागा लागते आणि सह्याद्रीच्या खोऱ्यात सपाट जागा म्हणजे भातखाचरे. डोंगर बुडत नाही, खाचर बुडते. बंगल्याच्या सज्जातून दिसणाऱ्या निळ्या रंगाच्या खाली मावळातली सर्वांत चांगली शेते आहेत.

धरणाने बाधित झालेले खातेदार बाराशेच्या घरात होते. त्यांतल्या तीन-चारशेंना पर्यायी जमीन मिळाली. आठशेहून अधिक जणांचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही सरकारदरबारी लोंबकळतच राहिला. ज्यांनी जमीन दिली त्यांपैकी बहुतेक आता हयात नाहीत. त्यांची मुले आणि नातवंडे अर्ज घेऊन फिरली आहेत. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली, म्हणजे हे धरण भरू लागल्यावर चार वर्षांनी. आधी पाणी आले, मग कायदा आला, आणि न्याय वाटेतच राहिला.

हे काही आमच्या खोऱ्याला नवे नाही. तिकोन्याच्या पलीकडे, दक्षिणेला, १९२१ च्या एप्रिलात मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट हे त्याच लढ्यात ‘सेनापती’ झाले. ती झुंज १९२४ पर्यंत चालली. धरण झालेच. त्याचे पाणी घाटाखाली भिऱ्याला नेऊन वीज केली गेली आणि मुंबईच्या गिरण्या व गाड्या चालल्या. आज मुळशीच्या काठीही बंगले आहेत आणि तेथेही मंडळी सरोवराची शोभा पाहतात. सेनापती बापटांच्या नावाचा मोठा रस्ता पुण्यात आहे. त्या रस्त्याने मुळशीला सहलीला निघालेल्या किती जणांना हे नाव आणि ते पाणी ह्यांचा संबंध ठाऊक असेल?

कोणी म्हणेल, हे विलायतेतही झाले. झाले खरे. वर्डस्वर्थच्या सरोवरांच्या मुलखातले थर्लमिअर मँचेस्टर शहराने उंच बांध घालून घेतले आणि १८९४ पासून त्याचे पाणी शहरात जाऊ लागले. पुढे १९३० नंतरच्या दशकात त्याच शहरासाठी हॉझवॉटर वाढवले, तेव्हा मार्डेल नावाचे गाव बुडाले. पण गाव बुडवण्यापूर्वी तेथल्या दफनभूमीतली प्रेते उकरून ती जवळच्या शॅप गावी रीतसर पुरली गेली. त्यांनी मेलेल्यांचेही पुनर्वसन केले. आम्ही जिवंतांचे पुरे केले नाही. विलायतेचा दाखला द्यायचाच असेल तर तो इतका द्यावा.

आणि हे पाणी नेण्यासाठी रक्तही सांडले आहे. धरणापासून थेट शहरापर्यंत बंद नळ टाकायचा, म्हणजे पाणी वाटेत नासणार नाही आणि स्वच्छ मिळेल, अशी महापालिकेची योजना होती. काठच्या शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, नदीतून पाणी वाहते म्हणून आमच्या मोटारी चालतात, विहिरींना पाझर राहतो. ते नळात गेले की नदीचा ओढा होईल आणि आम्ही कोरडे पडू. दोन्ही बाजूंना काही आधार होता. बसून बोलण्यासारखा हा विषय होता. ९ ऑगस्ट २०११, म्हणजे क्रांतिदिनी, बऊर गावाजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले आणि पोलिसांनी गोळीबार केला. तीन माणसे मेली. त्यांत एक स्त्री होती. योजना थांबली आणि वर्षानुवर्षे थांबून राहिली. ऑगस्टची ती तारीख श्रावणातली होती. आमचे ऋतुप्रेमी ज्या श्रावणासाठी त्याच द्रुतगती मार्गाने येतात, तोच तो श्रावण.

आता आक्षेप घेतो.

पहिला आक्षेप शहराचा. माझे जुने सहकारी मला विचारतात, “मग काय, कारखाने काढायचे नव्हते? लोकांनी पाणी प्यायचे नाही?” हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उडवाउडवीचे उत्तर देण्याचा माझा विचार नाही. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स आली आणि देशाला स्वतःचे पेनिसिलिन मिळाले. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि माळरानावर कारखान्यांची रांग लागली. १९७० साली चार गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. पुढे मोटारींचा उद्योग चाकणपर्यंत पसरला. कांद्याबटाट्याच्या बाजारासाठी नाव असलेले ते गाव मोटारींचे गाव झाले. दुष्काळी भागांतल्या हजारो घरांत ह्या पट्ट्याने चूल पेटवली. माझ्याही घरात पेटवली. त्या माणसांना पाणी लागते आणि ते त्यांना मिळालेच पाहिजे. २०१९ च्या अखेरीस शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले आणि ते वर्षांमागून वर्षे तसेच चालले. त्याची झळ चाळीतल्या बाईला पोचते. टाकी भरून ठेवणाऱ्या गृहसंकुलाला नाही.

पण मागणे आणि देणे ह्यांचा क्रम असतो. ज्याच्या शेतावर पाणी साठवले त्याचे देणे आधी, पाण्याचा विस्तार नंतर. शहराने धरणाकडे अधिक पाणी मागण्यापूर्वी स्वतःच्या नळांची गळती आणि चोरी बंद करावी. वापरलेले पाणी शुद्ध करून नदीत सोडावे. आज काय होते? रावेतपर्यंत जी पवना पाण्यासारखी दिसते, तिच्यावर थेरगावच्या केजूबाई बंधाऱ्यापाशी पांढरा फेस तरंगल्याचे लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. शेजारच्या इंद्रायणीवर आळंदीला तोच फेस. ज्येष्ठात माउलींची पालखी निघते तेव्हा वारकरी त्या फेसात स्नान करतात. आमच्या पट्ट्याने नद्यांना हा एक सातवा ऋतू बहाल केला आहे आणि तो बारमाही आहे.

दुसरा आक्षेप रसिकांचा. तो अधिक गोड आवाजात येतो. “अहो, फुले पाहायला आलेल्या माणसाला खातेदारांची यादी कशाला वाचून दाखवता? सौंदर्य ते सौंदर्य!” ह्याला माझे उत्तर असे की, ऋतू ही केवळ पाहण्याची वस्तू आहे, हीच मुळात शहरी समजूत आहे. मावळात ऋतू हे काम आहे. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, गवत अंथरून राब भाजायचा. रोहिणीत किंवा मृगाच्या तोंडावर रोपे टाकायची. तरण्या पावसात गुडघाभर चिखल करून लावणी करायची. मग बेणणी, आश्विन-कार्तिकात कापणी आणि झोडणी. ‘तरणा’ आणि ‘म्हातारा’ ही नावे कोणा कवीने सज्जात बसून ठेवलेली नाहीत. लावणीला कोणता पाऊस जोराचा येतो आणि कोणता दमादमाने, हे ज्यांच्या पाठींना ठाऊक होते, त्यांनी ती ठेवली. आपण ती नावे ऐकून खूष होतो आणि ठेवणाऱ्याला विसरतो.

माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर एका बंगल्याची राखण करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. मी त्यांना बाबा म्हणतो, ते मला साहेब म्हणतात. किती सांगितले तरी ते काही सोडत नाहीत. एकदा पावसाची उघडीप असताना त्यांनी पाण्याच्या मध्यावर बोट दाखवले. “तिथं आमची सात खाचरं व्हती, साहेब. आंबेमोहोर व्हायचा.” मी सहज विचारले, “यंदाचा पाऊस कसा वाटतो, बाबा?” ते म्हणाले, “आमचा पाऊस कवाच गेला. ह्यो पडतो तो धरणाचा.”

ह्या एका वाक्यात माझी सारी तक्रार आली. माणसाची जमीन जाते तेव्हा तिच्याबरोबर त्याचे ऋतू जातात. आषाढ येतो, पण लावणी नाही. आश्विन येतो, पण खळे नाही. मृग लागतो आणि त्याला करायला काही नसते. तो दुसऱ्याच्या फाटकापाशी छत्री घेऊन उभा राहतो. आणि नेमक्या त्याच जागी, त्याच पाण्याच्या काठी, शहरातून आलेला माणूस म्हणतो की मला माझे हरवलेले ऋतू सापडले! ते त्याला सापडले हे खोटे नाही. पण ते कोणाचे तरी हरवले म्हणून येथे सापडले आहेत. रसिकतेला हे कळत नसेल तर ती अर्धी रसिकता झाली.

मग करायचे काय? घर मोडून पुन्हा चिंचवडला जायचे? तसे केल्याने कोणाला एक गुंठाही मिळणार नाही. माझ्या मागण्या साध्या आहेत. काठच्या जमिनीवर नव्या बंगल्याला किंवा तंबूंच्या नव्या वसाहतीला परवानगी देण्यापूर्वी प्रलंबित खातेदारांचा निकाल लावा. धरणाच्या कामातून उरलेली जमीन असेल तेथे पहिला हक्क त्यांचा. तंबूवाल्यांकडून, बंगलेवाल्यांकडून, म्हणजे माझ्याकडूनही, पाण्याच्या शोभेचा वेगळा कर घ्या आणि तो ह्याच कामी लावा. मी तो कुरकुर न करता भरीन. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावणाऱ्यांना आवरा, कारण काजव्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना अंधार व शांतता दोन्ही लागतात. आणि भामा-आसखेडचे पाणी २०२१ पासून पुण्याच्या पूर्व भागात जाऊ लागले आहे. तेथलेही धरणग्रस्त वारंवार रस्त्यावर आले आहेत. त्यांना तरी पन्नास वर्षे ताटकळत ठेवू नका. पवनेने एवढे शिकवले तरी पुष्कळ झाले.

आम्हां ऋतुप्रेमींसाठी वेगळी मागणी आहे. येथे राहायचे असेल तर वैशाखातही राहा. पाणी ओसरते, चिखलाला वास येतो, जुन्या बांधांच्या रेघा आणि घरांची जोती उघडी पडतात, तेव्हा गाड्या काढून शहरात पळू नका. त्या जोत्यांवरून एकदा चालून या. कोणत्या वाडीचे ते आहेत हे गावात विचारा. सांगणारी माणसे अजून आहेत, फार दिवस असणार नाहीत. शेजाऱ्याकडून तांदूळ घ्या, त्याला वाजवी भाव द्या, आणि लावणीच्या दिवसांत त्याच्या खाचराच्या बांधावर मोटार उभी करू नका. एवढे केले म्हणजे ऋतू कमी सुंदर दिसतात, असा माझा अनुभव नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी असेल. बहुतेक वर्षी ह्या सुमारास धरण चांगले भरलेले असते, भात कापणीला आलेले असते, आकाश धुतल्यासारखे असते, आणि पवनेच्या काठी मोटारींची रांग लागलेली असते. जरूर या. पण दिवाळी हा नुसता दिव्यांचा सण नाही. पाडव्याला आपल्याकडे वहीपूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर हळदकुंकू वाहतात आणि त्याखाली मागील बाकी लिहितात. ती न लिहिता नवे खाते उघडणाऱ्या व्यापाऱ्याला बाजारात काय म्हणतात हे सर्वांना ठाऊक आहे. पिंपरी-चिंचवडच्या, चाकणच्या आणि काठावरच्या आम्हां सर्वांच्या वहीत आठशेहून अधिक नावांची बाकी आहे. ती आधी लिहा. आणि पाण्याकडे बोट करून मुलांना सांगाल तेव्हा तळे म्हणू नका, धरण म्हणा.